दुसरी हाक

आमच्या घरात तीन स्पीकर आहेत आणि तिघांचं आपसात पटत नाही. पुढच्या खोलीत वाटोळा आहे, तो बोलका. त्याला पाऊसपाणी विचारलं तर उत्तर देतो, पण आमची मराठी कानावर पडली की गप्प बसतो. मधल्या दालनात टीव्हीखाली लांबलचक पट्टी आहे. ती माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, चेन्नईहून पाठवली. पाठवली आणि आईबापांचं सगळं केलं असं समजून निवांत झाला. त्याला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून हे मोकळेपणी लिहिते. मी स्वतः ही लिपी नोकरी लागल्यावर हट्टाने शिकले. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले आम्ही, घरात जुनी मराठी बोलतो आणि चिठ्ठी लिहायची झाली तर तमिळमध्ये लिहितो.

तिसरा सैपाकघरातला. डब्यांच्या फळीवर ठेवलेली एक निळी पेटी. ती मी पापनाशमला एका लग्नाला गेले होते तेव्हा येताना अम्मासाठी घेतली होती. अम्मा म्हणजे माझी आई. तिला ती पेटी फार आवडे. सांबारं ढवळता ढवळता गाणी लावायची आणि मसाल्याच्या हाताने बटणं दाबायची. पेटीच्या जाळीत अजून धण्याची पूड आहे. मी ती पुसलेली नाही.

अम्मा गेली आणि घर मुकं झालं. राजवाड्याजवळच्या गल्लीतलं आमचं घर रुंदीला कमी आणि लांबीला फार. पुढे तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा, त्यामागे खोलीमागे खोली, शेवटी सैपाकघर, आणि त्याच्या दारातून बाहेर पडलं की परस आणि विहीर. अम्मा असताना या लांबीचं काही वाटत नसे, कारण तिचा आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सहज जाई. आता मी ओरत्तनाडूच्या ऑफिसातून बसने परत येई तेव्हा दाराबाहेरच मधल्या दालनातल्या झोपाळ्याच्या साखळीची कुरकुर ऐकू येई. झोपाळ्यावर अप्पा. माझे वडील. दिवसभर तिथेच. जेवायला बोलावलं की दोन घास खाणार आणि ताट सरकवणार. गुडघ्यांवरचं धोतर दिवसेंदिवस सैल दिसायला लागलं होतं. मी बोलायला गेले तर म्हणायचे, "मज भूक नाही. तूं जेव."

मला एकच भीती होती. अप्पाही जातील. आजार वगैरे नव्हता काही, पण माणूस बसल्या जागी निघून जाऊ शकतो हे मला आता ठाऊक झालं होतं. लग्न मी केलं नाही, अण्णा चेन्नईचा झाला, आणि या लांबोळक्या घरात मी एकटी उरणार होते.

म्हणून मी ठरवलं, घरभर गाणं वाजलं पाहिजे. एका खोलीत नाही, सगळीकडे, एकच गाणं, एका वेळी. अप्पा कुठेही बसोत, त्यांच्या आजूबाजूला काहीतरी चालू असावं.

हे बोलायला सोपं. तीन कंपन्यांचे तीन स्पीकर, आणि प्रत्येक कंपनीची इच्छा की बाकीचे दोन फेकून द्यावेत आणि आपलेच आणखी घ्यावेत. मला असल्या गोष्टींचा भारी राग येतो. चालू वस्तू टाकायची म्हणजे काय? मी एक जुना टॅब मधे ठेवला, तिघांना एकत्र बांधणारं एक ॲप शोधलं, आणि रविवारची अख्खी सकाळ त्यावर घातली. वाटोळा आणि पट्टी वायफायवर लगेच जुळले. निळी पेटी ब्लूटूथवरून आली, पण मागून आली. पुढच्या दोघांनी एक ओळ म्हटली की क्षणभराने तीच ओळ सैपाकघरातून यायची. नागस्वर लावला तर दोन वरातींची टक्कर झाल्यासारखं वाटे. अप्पा झोपाळ्यावरून म्हणाले, "कोठें वाजतें तें? मागें कोण आहे?"

"कोणी नाही अप्पा. पेटी उशिरा वाजते."

"अम्माची पेटी?"

"होय."

साखळीची कुरकुर थांबली.

ॲपमध्ये यावर उपाय होता. एक सरकपट्टी होती, ती ओढून आवाज मागेपुढे करता येई. पण त्यातली गंमत मला तेव्हाच कळली: जो मागे पडलाय त्याला घाई करता येत नाही. त्याला काही करता येत नाही. पुढच्या दोघांनाच थांबवून ठेवायचं, तो येईपर्यंत. आणि किती थांबवायचं ते कानाने ठरवायचं. गाण्याने ते नीट कळत नाही, सगळं एकमेकांत मिसळतं. साधं बोलणं पाहिजे, एखादा तुटक शब्द. म्हणून संध्याकाळी मी फोनमध्ये कुणाचातरी व्हॉइस मेसेज शोधायला लागले आणि अम्माच्या मेसेजांपाशी येऊन थांबले.

इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली अम्माच्या मेसेजांची. मी ऑफिसात असताना तिला काही सांगायचं झालं की ती फोनचं बटण दाबे, आणि दाबल्यावर तिच्या लक्षात येई की आधी अप्पांना विचारलं पाहिजे, काय काय आणायचं ते. मग बटण धरूनच अप्पांना हाक मारी, आणि हाक मारताना अंगठा उचले. मेसेज सुटे. मला ऑफिसात, फायलींच्या मधे, नुसती हाक पोहोचे: "अहो, ऐकिलें काय?" एवढंच. पुढे काही नाही. नंतरच्या मेसेजमध्ये मग अस्का, म्हणजे साखर, नि कढीलिंब. माझ्या फोनमध्ये अशा नुसत्या हाका कितीतरी आहेत. शेजारच्या टेबलावरची बाई विचारायची, तुझ्या घरी कोण सारखं अप्पांना शोधत असतं?

दुसरी गोष्ट आमच्या घराच्या रीतीची. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दिवेलागणीला बाहेरून कुणी ओळखीच्या आवाजात हाक मारतं, ते माणूस असेलच असं नाही. जे माणूस नसतं त्याला एकदाच हाक मारता येते. दुसऱ्यांदा मारता येत नाही. म्हणून थांबायचं, दुसरी हाक आली की ओ द्यायची. ही रीत अम्माने तिच्या माहेराहून आणली आणि आमच्यात अशी मुरवली की दिवेलागणीचं बंधन गळून पडलं आणि आम्ही सकाळ-दुपार कुठल्याच पहिल्या हाकेला बोलेनासे झालो. अण्णाची बायको नवी आली तेव्हा तिला वाटलं, या घरात सगळेच बहिरे. ऑफिसात साहेब हाक मारतात आणि मी फाइलीत बघत बसते. दुसऱ्यांदा मारली की उठते. मला गर्विष्ठ म्हणतात. म्हणोत.

तर मी अम्माची ती हाक लावली. पुढच्या खोलीतून आणि दालनातून एकदम, "अहो, ऐकिलें काय?" आणि क्षणभराने सैपाकघरातून, त्याच आवाजात, "अहो, ऐकिलें काय?"

"आलों," अप्पा म्हणाले.

ते उठले. दिवसभर न उठणारा माणूस साखळी धरून उठला, पंचा खांद्यावर टाकला, आणि भिंतीला हात लावत सैपाकघराकडे निघाला. मी टॅब घेऊन जमिनीवर बसले होते, तिथेच बसून राहिले. ते सैपाकघराच्या उंबऱ्यात थांबले, आत बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि परत आले.

"अप्पा, मी मशीन बघत होते," मी म्हटलं. "ते मशीन होतं."

"मज ठाऊक आहे," ते म्हणाले आणि बसले.

दुसऱ्या संध्याकाळी मी गाणी लावली तर त्यांनी हात हलवून बंद करायला सांगितलं. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "कालचें लाव." मी लावलं. पुन्हा दोनदा हाक, पुन्हा "आलों," पुन्हा सैपाकघर. त्यापुढच्या दिवशीही. मला कळलं ते एवढंच की हाक दोनदा येते म्हणून ते उठतात. रीतच तशी. आणि चांगलंच आहे की, मी मनाशी म्हटलं, पाय तरी मोकळे होतात. सैपाकघरापर्यंत आलेच आहेत म्हणून मी पुढे ताट ठेवून बघितलं. ते ताटाकडे बघायचे नाहीत. शेगडीसमोरच्या फरशीकडे बघायचे.

हळूहळू मला भीती वाटायला लागली. बसमधून उतरून गल्लीत वळले की मी मुद्दाम सावकाश चालायची. अप्पा आता दिवेलागणीच्या आधीच तयार असायचे. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध, केस ओले करून बसवलेले. बाहेरगावी निघाल्यासारखे. आणि घरात तो आवाज न लावताही असल्यासारखा वाटायचा. मी भांडी घासताना मागे वळून बघायची. आपल्याच अम्माची भीती वाटते याची मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली म्हणून भीती काही कमी होत नव्हती.

अण्णाला फोन केला. तो म्हणाला, डिलीट कर सगळं आणि एखाद्या डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, तू ये आणि तूच डिलीट कर. त्यावर त्याच्या मीटिंगची वेळ झाली.

मग एका संध्याकाळी अप्पा उंबऱ्यात थांबले नाहीत. सैपाकघरातून सरळ पुढे गेले, मागचं दार उघडलं आणि परसात उतरले. मी धावले. ते विहिरीपाशी उभे होते, एक हात काठावर. नुसते उभे होते, वाकले वगैरे नव्हते. मी त्यांचं मनगट धरलं. इतकं बारीक झालं होतं ते.

"कोठें चाललात?"

"ती येथें आहे काय, पाहिलें," अप्पा म्हणाले.

मी त्यांना आत आणलं, आणि त्याच वेळी टॅब घेऊन बसले. रागाने बसले. त्यांना ती दुसरी हाक उठवते ना, मग ती नकोच. मी सरकपट्टी थोडी ओढायची, फोनमध्ये रेकॉर्ड केलेली टिचकी वाजवायची, ऐकायची, पुन्हा थोडी ओढायची. पुढचे दोघे मागच्याला थांबले, आणखी थांबले, आणि एकदम तिन्ही एक झाले. इतके दिवस जे जमत नव्हतं ते रागाच्या भरात जमलं. मेसेज आता लावायचाच नाही असंही मला करता आलं असतं. पण अप्पा गंध लावून बसणार, आणि मी नाही म्हणणार, तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. मला वाटलं, हाक एकदाच आली की ते आपोआप बसून राहतील आणि हळूहळू हे सुटेल.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी लावलं. "अहो, ऐकिलें काय?" घरभर, एकाच वेळी. आधी निदान पुढून एक आणि मागून एक असं काहीतरी होतं. आता आवाज कुठून येतो ते कळेना. भिंतीच बोलल्यासारख्या वाटल्या.

अप्पा उठले नाहीत. मी ठरवलं होतं तसंच झालं. त्यांनी साखळी घट्ट धरली आणि मान जराशी सैपाकघराकडे वळवून बसले. वाट बघत होते. झोपाळा किंचित हलत होता. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना, आणि मी टॅब उलटा करून ठेवला.

"तशीच," ते म्हणाले. "त्या दिवशींची तशीच होती."

"कुठल्या दिवशीची?"

"ती गेली त्या दिवशींची."

अम्मा गेली तेव्हा मी बसमध्ये होते. मला ठाऊक होतं ते इतकंच: संध्याकाळी सैपाकघरात शेगडीसमोर ती पडली, हृदय बंद पडलं, शेजारीण कढीलिंब मागायला परसातून आली तेव्हा तिने पाहिलं. अप्पा झोपाळ्यावर होते, त्यांना कळलं नाही. लोकांनी मला असं सांगितलं आणि मीही येणाऱ्याजाणाऱ्याला तसंच सांगत आले.

"तिणें एकदां हाक मारली," अप्पा म्हणाले. "मी ऐकिली. चांगली ऐकिली. म्हटलें, दुसरी मारूं दे."

मी झोपाळ्याजवळ सरकले.

"दुसरी आली नाही. म्हटलें, रागावली असेल, कॉफी घेऊन स्वतांच येईल. ऊंजल हालवीत बसलों." ऊंजल म्हणजे तो झोपाळा. त्यांनी साखळीवरून हात फिरवला. "मग शेजारची बाई ओरडली."

डॉक्टर काय म्हणाले होते ते मी सांगितलं. क्षणात झालं, कोणी जवळ असतं तरी काही करता आलं नसतं.

"करतां आलें नसतें. मी कोठें म्हणतों," अप्पा म्हणाले. "पण तिणें बोलाविलें होतें. डॉक्टरास बोलाविलें नव्हतें."

मला राग आला. कशाचा ते नीट सांगता येत नाही. अम्माचा, तिच्या माहेराचा, त्या रीतीचा, अप्पांचा. मी ओरडले त्यांच्यावर. आयुष्यभर सोवळ्याला हसलात, उपासाला हसलात, श्राद्धाच्या दिवशी वडे मागून खाल्लेत, आणि ही एकच रीत पाळलीत? हीच?

"सोपी होती," ते म्हणाले. "बसून पाळायची होती."

मग मला रडू आलं. तेही रडले. रडताना ते अगदी आवाज करत नाहीत, फक्त पंचा तोंडाशी धरतात. अम्मा गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र रडलो नव्हतो. पाहुण्यांमध्ये ते राहूनच गेलं होतं.

शांत झाल्यावर मी विचारलं, मशीन आहे हे ठाऊक होतं, तर मग रोज उठून का जात होता?

"दोन हाका आल्या म्हणजे जातां येतें. मज वाटलें, मशीन कां होईना, जाऊं दे मला एकदां वेळेवर." त्यांनी नाक पुसलं. "पण गेलों की कळे. तीच हाक ती. दोन डब्यांतून आली म्हणून दोन होत नाहींत. तिणें एकदांच मारली होती."

मी म्हटलं, मी हे सगळं उद्या काढून टाकते.

"काढ," अप्पा म्हणाले. मग जरा थांबून, "उद्यां एकदां लाव. सगळीकडे नको. सैपाकघरांत, तिच्या पेटीवर. मग काढ."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले. मला ते करायचं नव्हतं, खरं सांगते. बसमध्ये सारखं वाटत होतं की मी माझ्याच हाताने त्यांना अम्मामागे धाडते आहे. हाक आली आणि ते आले, आणि त्यांचं जाणं तेवढ्यासाठीच अडलं होतं असं निघालं, तर? घरी आले तेव्हा ते झोपाळ्यावर होते. गंध नव्हतं, धोतर कालचंच होतं. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली.

मी टॅबवरची जुळणी मोडली. वाटोळ्याचा दिवा विझला, पट्टीचा विझला. सैपाकघरात दिवा लावला, फोन निळ्या पेटीला जोडला आणि शेगडीपाशी उभी राहिले. पेटी माझ्या कानाच्या उंचीवर होती.

"अहो, ऐकिलें काय?"

एकदाच. तिच्या सैपाकघरातून, तिच्या फळीवरून. पलीकडे घर गप्प होतं. नाही येणार, मी म्हटलं, रीत त्यांच्या हाडात गेली आहे, बसूनच राहणार. आणि न आलेलं बरं, असंही एक मन म्हणत होतं.

साखळी वाजली. मग भिंतीला घासत येणारा हात आणि पावलं, सावकाश, मधल्या खोलीतून, कोठीवरून, जवळ जवळ. अप्पा उंबऱ्यापाशी आले. या वेळी ते थांबले नाहीत, आत आले. त्यांची नजर शेगडीसमोरच्या फरशीवर होती, जिथे मी उभी होते.

"आलों," ते म्हणाले. "एकदां हाक मारलीस. तेवढी पुरे होती."

मी बाजूला सरले. ते पुढे येऊन तिथे खाली बसले.